घोळ तीन डॉलरची, कुपन पाचाचं

गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे शेजारच्या गरीब वस्तीत ताजी भाजी पोचावी म्हणून द्यायचे, आणि ते शेतकरी बाजाराच्या कुपनांच्या रूपानेच द्यायचे, इथपर्यंत तुमच्या मंडळाचं एकमत झालंय असं धरून चालतो. पुढचा वाद मला पाठ आहे. न्यूयॉर्कमध्ये आमच्याकडे तो तीन बैठका चालला. कुपनांची पुस्तिका छापून सरळ वाटायची, की माणूस स्वतः जेवढं खर्च करेल त्यावर तेवढीच भर घालायची? आम्ही पहिला उन्हाळा पुस्तिका वाटल्या, पुढचे दोन भर घातली. दर रविवारी बाजाराच्या माहिती-तंबूत मी बसायचो, म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

दोन्ही कल्पना आपल्या नाहीत. पुस्तिकेचा नमुना अमेरिकेच्या केंद्र सरकारचा. विक (WIC) या कमी उत्पन्नाच्या आया आणि लहान मुलांसाठीच्या पोषण योजनेतल्या लोकांसाठी १९९२ पासून बाजाराची वेगळी कुपनं निघतात. भरीचा नमुना न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याचा. त्यांचे हेल्थ बक्स २००५ पासून चालू आहेत. ईबीटी कार्डावर, म्हणजे स्नॅप ही सरकारी अन्नमदत ज्यावर जमा होते त्या कार्डावर, दोन डॉलर खर्च केले की दोनचं कुपन हातात पडतं, दिवसाला दहा डॉलरपर्यंत. डेट्रॉइटचं डबल अप फूड बक्स २००९ चं, पण घराणं तेच.

पुस्तिकेची बाजू कच्ची अजिबात नाही. हातात ईबीटी कार्ड लागत नाही, आधी स्वतःचा पैसा काढावा लागत नाही. आपल्या भागात नव्याने आलेली कुटुंबं बरीच असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण ग्रीनकार्डवाल्या बहुतेक प्रौढांना स्नॅपसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. विकवाले तर व्हिसा-नागरिकत्व विचारतच नाहीत. वाटपही सोपं. आम्ही एका चर्चच्या अन्नछत्रात गठ्ठा नेऊन दिला आणि दहा मिनिटांत मोकळे झालो. वार्षिक अहवालात फोटो चांगला येतो तो पुस्तिकेचाच, हेही कबूल करतो.

पण मला सुट्या पैशांनी छळलं.

सरकारी कुपनांवर उरलेले पैसे परत देता येत नाहीत, तसा नियमच आहे. कारणही समजण्यासारखं आहे. सुटे परत दिले की भाजीचं कुपन म्हणजे रोख रक्कमच झाली. आम्ही तो नियम डोळे झाकून उचलला आणि वर शहाणपणा करून पाच-पाच डॉलरची कुपनं छापली. छपाई स्वस्त पडते ना!

जुलैतला एक रविवार. एक बांगलादेशी बाई, कडेवर पोर, मेक्सिकन शेतकऱ्याच्या टेबलापुढे उभी. टेबलावर घोळ होती. हो, आपली घोळच. ते लोक तिला वेर्दोलागास म्हणतात आणि डुकराच्या मटणात घालतात. लालसर जाड देठ, वर पाणी शिंपडलेलं, जुडी तीन डॉलर. मलाच घ्यावीशी वाटत होती. बाईनं जुडी उचलली आणि पाचाचं कुपन पुढे केलं. शेतकऱ्यानं दोन बोटं दाखवली, म्हणजे अजून दोन डॉलरचं काहीतरी घ्या. दोनचं तिथे काही नव्हतंच. पुदिना अडीचचा, म्हणजे वरचे पन्नास सेंट खिशातून, आणि ते तिच्याकडे नव्हते. मग टोमॅटो काट्यावर. तीन ठेवले तर दोन डॉलर ऐंशी, एक काढला तर एक नव्वद. वरचे दहा सेंट तिनं सोडलेही असते, पण तिला टोमॅटो नकोच होते. मागे सात-आठ जणांची रांग, सगळे काट्याकडे बघतायत. तिनं घोळ खाली ठेवली आणि पाच डॉलरची पाच कणसं घेऊन निघाली. जाताना तंबूपाशी थांबून मला म्हणाली, "भाई, छोटावाला नहीं है?"

पालेभाजी घराघरांत जावी म्हणून काढलेलं कुपन, आणि त्या कुपनापायीच पालेभाजी टेबलावर राहिली. त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. मोजदाद केली असं म्हणवत नाही, पण पाचाच्या कुपनांवर कणसं, सफरचंदं, बटाटे जात होते. सरळ पाचाला बसतं ते. दीड-तीनच्या जुड्या मागे राहत होत्या. हा माझ्या एका बाजाराचा, एका टेबलाजवळचा अनुभव. तुमच्याकडचे शेतकरी वर मूठभर मिरच्या टाकून हिशेब जुळवणारे असतील तर तुम्हाला हा त्रास जाणवणारही नाही.

पुस्तिकाच दोन-दोनची का नाही छापली, असं विचाराल. रास्त आहे. अर्धा त्रास तेवढ्यानेच गेला असता. उरलेला अर्धा असा, की पुस्तिका फ्रिजवरच्या डब्यात जाते आणि मुदत संपायच्या आधीच्या दोन रविवारी सगळ्यांना एकदम आठवते. तेव्हा बाजारात लाल भोपळे आणि सफरचंदं. भरीचं कुपन तंबूत मिळतं तिथेच, कार्ड घासून बाजारात पैशांसारखी चालणारी लाकडी टोकनं हातात घेतली त्याच मिनिटाला, आणि बहुतेक दहा पावलांवर खर्चही होतं. टोकन एक डॉलरचं, कुपन दोनचं. तीनची घोळ एक टोकन आणि एका कुपनात येते, कुणाला दोन बोटं दाखवायला लागत नाहीत. शिवाय ती तिची खरेदी असते, त्यात आपण थोडं घातलेलं. हा फरक मी आकड्यात सांगू शकणार नाही.

तुमच्या खजिनदारांना आकडेच हवे असतील तर चित्र मिश्र आहे. लॉस एंजेलिसमध्ये विकच्या बायकांना सहा महिने आठवड्याला १० डॉलरची कुपनं देऊन पाहिली, एका गटाला बाजाराची, दुसऱ्याला सुपरमार्केटची. २००८ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. दोन्ही गटांचं फळं-भाज्या खाणं वाढलं, बाजारवाल्यांचं जरा जास्त, आणि कुपनं थांबल्यावर सहा महिन्यांनीही ते टिकलेलं होतं. हा पुराव्याचा सगळ्यात जड दगड, आणि तो पुस्तिकेच्या पारड्यात आहे. फक्त रक्कम बघा. आठवड्याला १०! सरकारी बाजार-कुपनांत केंद्राची मर्यादा माणशी अख्ख्या वर्षाला १० ते ३० डॉलरची. आमची पुस्तिका दहाची होती.

भरीच्या बाजूने मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन काउंटीतला २०११-१२ चा प्रयोग. फळं-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक स्नॅप डॉलरमागे ३० सेंट परत. त्या लोकांचं खाणं इतरांपेक्षा दिवसाला सुमारे पाव कप, म्हणजे २६ टक्के जास्त निघालं. थोडीशी भरसुद्धा चालते, इतकं त्यातून मी घेतो. उलट हेल्थ बक्सची तपासणी झाली तेव्हा लोकांना बाजार माहीत झाला, खरेदी वाढली, पण ताटात भाजी वाढल्याचं काही दिसलं नाही. माझ्या आवडत्या प्रकाराला हे लागू आहे, म्हणून लपवत नाही.

तेव्हा ज्यांच्या वस्तीत ईबीटी कार्डंच कमी, त्यांनी पुस्तिकेकडे जावं, मी अडवणार नाही. आम्ही मधला रस्ता काढला. पैशांचा मोठा भाग भरीला, आणि तंबूच्या खणात दोनच्या पाच कुपनांची काही पाकिटं. कुणी कार्ड नाही म्हणालं तर काही न विचारता एक पाकीट द्यायचं. गैरफायदा घेतील असं बैठकीत दोघा-तिघांचं म्हणणं होतं. एका उन्हाळ्यात घेतलाही असेल कुणी, दहा डॉलरच्या वांग्यांचा.

छपाईला देताना दोनचंच सांगा. एकाचं आम्ही महिनाभर करून पाहिलं, तर दुपारपर्यंत शेतकऱ्यांच्या एप्रनचे खिसे फुगले आणि हिशेबाला बसलेली मुलगी चारपर्यंत मोजत राहिली. रंग शहराच्या कुपनाहून अगदी वेगळा घ्या, नाहीतर दोन्ही एकाच गठ्ठ्यात जातात आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे यावरून सोमवारी फोन येतात. आमचं भगवं आहे. आणि कागद जरा जाड. घोळीवर पाणी शिंपडलेलं असतं.