एआय मुलांच्या हातात द्यायचं की आपणच वापरायचं?

संस्कृत, लॅटिन शिकवणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. वेळेचं म्हणाल तर मुलांनी उतारा टाकला की भाषांतर हजर, पण विभक्ती ओळखायची मेहनतच गायब. आपण वापरलं तर सरावाची वाक्यं पटापट मिळतात, फक्त तपासत बसावं लागतं. खरी गोची चुकांची, म्हणजे संस्कृतात 'वन' शब्दाचं 'वने' हे सप्तमी एकवचन पण प्रथमा-द्वितीयेचं द्विवचनही तेच, एआय कधीकधी एकच सांगून मोकळं होतं आणि तेही इतक्या ठामपणे की नवशिका मान डोलावतो (श्लोकाचा संदर्भ तर चक्क बनवूनही देतं!), शिक्षकाला मात्र ते खटकतं. त्यामुळे नवशिक्यांसाठी ते शिक्षकाकडेच बरं. रूपं पक्की झालेल्यांना खुशाल द्या, आधी स्वतः भाषांतर लिहून मग ताडून बघायला.