क्विनीन की आर्टेसुनेट?

मलेरियावरची ही दोन्ही औषधं वनस्पतींतून आलेली. क्विनीन अँडीजमधल्या सिंकोनाच्या सालीतून, 1820 साली पॅरिसमध्ये वेगळं काढलेलं. आर्टेसुनेट ज्यापासून बनतं ते आर्टेमिसिनिन चीनमधल्या, आपल्या दवण्याच्या भाऊबंद असलेल्या झुडपातून. पाला उकळला की गुण जायचा; चिनी संशोधक थू योयो यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि गाडी पुढे सरकली. 2015 चं नोबेल त्याच कामाचं.

गंभीर मलेरियात माझं मत सरळ आर्टेसुनेटला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियातल्या मोठ्या चाचणीत क्विनीनवरचे 22 टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेटवरचे 15 टक्के. शिवाय क्विनीन सलाईनमधून तासन्‌तास सोडायचं, रक्तातली साखर घसरतेय का बघायचं, आणि रुग्णाच्या कानात घूं घूं सुरू ती वेगळीच.

परजीवींनी औषधाला दाद न देण्याच्या, म्हणजे प्रतिकाराच्या बाबतीत मात्र म्हातारं क्विनीन चिवट निघालं. तक्रारी 1910 पासून आहेत, पण ते पुरतं कधी कोसळलं नाही. आर्टेमिसिनिनला पश्चिम कंबोडियात 2008-09 च्या सुमारास धक्का बसला: के-13 जनुक बदललेले परजीवी कोवळ्या अवस्थेत दबून बसतात आणि औषध काही तासांत रक्तातून ओसरतं. म्हणून जोडीला दुसरं, रेंगाळणारं औषध लागतंच. आता रवांडा, युगांडातही हेच दिसतंय.

मलेरियापलीकडे? क्विनीनचा जुळा भाऊ क्विनिडीन हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरात आला. आर्टेमिसिनिनचं कॅन्सरवरचं काम अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे.