काळ्या मातीत चर घेण्याआधी: रडार, लोकेटर की हाताने खड्डा?

जेसीबी येऊन उभा आहे, तासाचं भाडं चालू झालंय आणि जमिनीखाली काय पुरलंय हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. नळयोजना असो, फायबर असो की स्वतःच्या शेतातली पाइपलाइन, मराठवाड्यात चर घेणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. लातूर-बीड भागात चरांची कामं करून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगतो: काळ्या रानात रडारवर पैसे घालू नका.

कारण मातीतच आहे. जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांच्या परतीवरून आतली वस्तू ओळखणारं रडार. प्लास्टिकचा पाइपही त्याला दिसतो, हे त्याचं मोठं बळ. पण आपली चिकण काळी माती ओल धरून ठेवते. अशा मातीतून वीज सहज वाहते आणि लहर वरच्या वरच विरून जाते. पावसाळ्यानंतर तर हात-दीड हाताच्या खाली पडद्यावर काही उमगत नाही. कोरड्या मुरमाडीवर तेच यंत्र छान चालतं. तिथे जरूर मागवा, फक्त चित्र वाचणारा जाणकार सोबत हवा.

केबल लोकेटर म्हणजे पुरलेली केबल शोधणारं हातातलं यंत्र. त्याला काळ्या मातीचा एवढा त्रास नाही. वीज वाहत असलेल्या केबलभोवती 50 हर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते तो पकडतो. भाडंही रडारपेक्षा कमी आणि शिकायला सोपा. पण इथे एक खोच आहे, जी शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. शेतीपंपाची लाइन चोवीस तास नसते. लाइन गेलेल्या वेळी तुम्ही लोकेटर फिरवला तर केबलमध्ये प्रवाहच नाही, यंत्र गप्प राहतं, आणि तुम्ही ‘इथं काही नाही’ म्हणून बकेट टाकता. म्हणून नुसता लोकेटर आणू नका, त्याच्याबरोबरचा ट्रान्समीटरही आणा. तो केबलवर स्वतःचा सिग्नल चढवतो, मग लाइन असो-नसो. दुसरी मर्यादा अशी की पीव्हीसी, एचडीपीई असे प्लास्टिकचे पाइप किंवा धातू नसलेलं फायबर त्याला दिसतच नाही. गावोगावच्या जलजीवनच्या नळांत एचडीपीई भरपूर आहे, हे विसरू नका.

आणि शेतातली पाइपलाइन! धरणाच्या फुगवट्यापासून किंवा विहिरीपासून दोन-तीन किलोमीटर लांब रानात नेलेली पीव्हीसी कुठल्याच नकाशावर नसते. डांबरी रस्त्यावर जुन्या चराचं ठिगळ दिसतं. काळी माती मात्र एका पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, की खूण गायब. केज तालुक्यात आमच्याकडून अशीच एक लाइन फुटली होती, ऐन उसाच्या पाण्याच्या दिवसांत. यंत्र नव्हतं असं नाही. बांधावरच्या म्हाताऱ्या काकांना विचारलं नव्हतं. ती चूक मला आजही सलते. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी जुन्या गडीमाणसाला सोबत घेऊन रान फिरतो.

सरकारी वाहिन्यांसाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप मार्च 2023 पासून आहे. खोदणाऱ्यानं जागा नोंदवली की तिथे वाहिन्या असलेल्या, ॲपवर नोंद असलेल्या संस्थांना सूचना जाते. फुकट आहे, म्हणून आधी हेच करा. पण उत्तर आलं नाही म्हणजे खाली काही नाही, असं मुळीच नाही.

उरला हातानं घेतलेला खड्डा. सगळ्यांत हळू, मजुरी लागते, आणि तरी शेवटचा शब्द त्याचाच. खोरं घ्या, पहार आणि टिकाव नको. 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची केबल पहारीच्या एका घावात माणूस नेते. नियमाप्रमाणे लघुदाबाची केबल 0.75 मीटर, 11 केव्हीची 0.9 मीटर आणि 33 केव्हीची 1.05 मीटर खोल हवी, पण खाली काळा पाषाण लागला की गुत्तेदार ती वरच टाकून मोकळा होतो. म्हणून पहिल्या वीतभरापासूनच सावध राहा. विटांचा थर, वाळू किंवा इशाऱ्याची पट्टी दिसली की थांबा. वाहिनी उघडी पडली की तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर तरी जेसीबी येऊ देऊ नका.

घराच्या प्लॉटवर शोषखड्डा घ्यायचाय? वायरमनला आणि शेजाऱ्यांना विचारा, हातानं खोदा. यंत्राचा खर्च नको. गावातून एखादा किलोमीटर चर आहे? ट्रान्समीटरसह लोकेटर, आणि प्रत्येक वळणावर, रस्ता ओलांडताना हातखड्डा. शहरात गर्दीच्या रस्त्याखाली किंवा गॅसची वाहिनी असण्याची शक्यता असेल तिथे लोकेटर, मुरूम असेल तर जोडीला रडार, आणि गॅस कंपनीचा माणूस जागेवर आल्याशिवाय बकेट खाली नाही.

इतकं करूनही बकेटचा दात केबलला लागलाच, तर ऑपरेटरनं खुर्चीतून उतरू नये, बाकीच्यांनी लांब व्हावं आणि वीज तक्रारीच्या 1912 या नंबरला फोन करून लाइन बंद करून घ्यावी. यंत्राला आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून, यंत्र आणि जमीन एकाच वेळी न शिवता उडी मारायची आणि पाय न उचलता सरकत दूर जायचं.