सोबा नूडल्स: वर्षभर खाऊन झाल्यावर लिहितोय

आमच्यात सोमवार ते गुरुवार रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडं असतोय. बायको हॉस्पिटलला दुपारच्या शिफ्टला, ती यायला साडेदहा होतात, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं सव्वासातला घरात, आईचा खांदा धरतोय म्हणून आता तिला भाकऱ्या थापायला लावत नाही, आणि लेक आठवीत, क्लासवरनं आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते काय केलंय. अशा घरात रात्री आठच्या आत ताटं लागायची असली तर काय काय होतं तुम्हाला माहितीय, खिचडी, अंडाकरी, परत खिचडी, मग कुणीतरी म्हणतं पार्सल आणूया. गेल्या जूनपासून यात एक दिवस सोबाचा आहे आणि तो टिकलाय, म्हणून म्हटलं नीट सविस्तर लिहावं, कारण पॅकेट घेताना आणि करताना काय बघायचं हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिली दोन पॅकेटं वाया गेली नसती.

सोबा म्हणजे जपानी बकव्हीटच्या नूडल्स. मी आता घेतो ते ३०० ग्रॅमचं पॅकेट, आत कागदी पट्टीनं बांधलेल्या ३ जुड्या, साडेतीनशेच्या आसपास पडतं. राजारामपुरीत एका गल्लीत बाहेरचं सामान ठेवणारं छोटं दुकान आहे तिथनं आणतो, त्या माणसाची एक गोष्ट मला फार आवडली, पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं पॅकेट उलटं करून मागची बाजू दाखवली आणि म्हणाला "दादा, पुढचं चित्र बघू नका, हे वाचा." तारीख जवळ आलेलं पॅकेट असलं तर स्वतःच सांगतो. रंग म्हणाल तर नाचणीच्या शेवयांच्या जवळ जाणारा, राखाडी-तपकिरी, अंगावर बारीक काळे ठिपके, आणि पट्टी सोडून नाकाशी नेलं की भाजलेल्या धान्यासारखा वास येतो. तो वास हेच या नूडल्सचं सगळं आहे, पुढं जे लिहिणार आहे ते सगळं तो वास ताटापर्यंत कसा टिकवायचा याबद्दलच आहे.

आता ती मागची बाजू. बकव्हीटमध्ये व्हीट शब्द आहे पण ते गहू नाही, गवताच्या जातीचं धान्यसुद्धा नाही. उत्तरेकडं उपासाला कुट्टूचं पीठ खातात तेच हे, आणि आपला आंबट चुका आहे ना भाजीचा, त्याच्या कुळातलं झाड आहे. यात ग्लूटेन नसतं, म्हणजे पिठाला चिकटपणा नसतो. आईला हे सांगितलं तर तिला एका वाक्यात कळालं, "म्हणजे विरी गेलेल्या जोंधळ्याच्या पिठागत, थापायला गेलं की चिरतंय." अगदी तेच. म्हणून जपानात बहुतेक ठिकाणी त्यात गव्हाचं पीठ मिसळतात, जुनं प्रमाण ८ भाग बकव्हीट आणि २ भाग गहू, त्याला 'नि-हाचि' म्हणतात, म्हणजे दोन-आठ. आणि ज्यात गहू अजिबात नाही, दहाच्या दहा भाग बकव्हीट, त्याला म्हणतात 'जुवारी'. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं वाचून दाखवलं घरात, कारण ज्वारी खाणाऱ्या घरात नूडल्सच्या पॅकेटवर जुवारी निघावी! शब्दांचं एकमेकांशी नातं काही नाही, जपानीत 'जू' म्हणजे दहा, पण आमच्यात तेच नाव पडलं, लेक म्हणते "आज जुवारी कर." आणि गंमत बघा, नुसत्या बकव्हीटचं पीठ मळताना तिकडंही काही लोक गरम पाणी वापरतात, आपण भाकरीला उकड घेतो तसंच, चिकटपणा नसलेल्या पिठाला सगळीकडं हाच उपाय.

हे प्रमाण का बघायचं ते सांगतो. माझं अगदी पहिलं पॅकेट ऑनलाइन मागवलेलं, पुढं मोठ्या अक्षरात बकव्हीट, डोंगराचं चित्र, सगळं झकास. त्याच आठवड्यात गडहिंग्लजची आत्या दवाखान्याच्या कामाला आलेली, तिला गहू वर्ज्य आहे, डॉक्टरांनी पक्कं सांगितलंय, चपाती तर नाहीच पण शेवया रवा काही नाही. मी आनंदात, म्हटलं आत्या तुझ्यासाठी गहू नसलेल्या नूडल्स करतो. पाणी उकळायला ठेवलेलं आणि सहज पॅकेट उलटं केलं तर घटकांत पहिलंच नाव गव्हाचं पीठ, बकव्हीट दुसऱ्या नंबरला, आणि घटक लिहिताना जे जास्त ते आधी लिहितात, म्हणजे ह्या बकव्हीट नूडल्समध्ये निम्म्याहून जास्त गहू असू शकत होता. हात थरथरले माझे. आत्याला मी भाकरी आणि पिठलं करून घातलं पण मनातनं तो राग गेला नाही, कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की पाठीमागं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे हे खरं, पण जो गहू टाळायला म्हणून घेतो त्याला पुढच्या बाजूला कळायला नको का? तर ज्यांच्या घरात सिलियाक (ग्लूटेननं आतड्याला होणारा आजार) किंवा गव्हाचा त्रास आहे त्यांनी १०० टक्के बकव्हीट लिहिलेलंच घ्यावं, आणि त्यावरही ग्लूटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलंय का बघावं, कारण एकाच गिरणीत दोन्ही पिठं असू शकतात. आणि ज्यांना तसला त्रास नाही त्यांनी उलट २० टक्के गहू असलेलं घ्या, रोजच्या धावपळीत ते सांभाळायला सोपं, १०० टक्केवाल्या काड्या जरा जास्त शिजल्या की तुकडे होतात.

आई विचारत होती उपासाला चालेल का, कुट्टू आहे म्हणतोस तर. नाही चालणार, बहुतेक पॅकेटात गहू आहे, आणि तसंही आपल्यात वरी, राजगिरा, साबुदाणा यावर उपास होतोय.

करायची पद्धत सांगतो, ही एवढी बरोबर झाली की अर्धं काम झालं. मोठं पातेलं घ्या, १०० ग्रॅमला लिटरभर पाणी, कमी नको. मीठ घालायचं नाही, पास्त्याची सवय असेल तर हात आवरा, सुक्या सोबात बऱ्याचदा मीठ आधीच असतं. पाणी खळखळा उकळलं की जुडी सुटी करून पसरून टाका आणि एकदा हलवा. दीड-दोन मिनिटांत फेस चढतो, डाळीला येतो तसा, आणि गॅसवर सांडतो. जपानात जुन्या पद्धतीत अशा वेळी वाटीभर गार पाणी ओततात, त्याला 'बिक्कुरी मिझु' म्हणतात, दचकवणारं पाणी, मी आच बारीक करतो तेवढ्यानं भागतं. पॅकेटवर ५ मिनिटं असेल तर चौथ्या मिनिटाला एक काडी काढून चावून बघा.

मग खरी मेख. गाळून लगेच गार पाण्याखाली धरायच्या आणि दोन्ही हातांनी चोळून धुवायच्या, अगदी तांदूळ धुतो तसं, पहिलं पाणी दुधासारखं पांढरट निघतं, दुसरं जरा कमी, तिसरं नितळ. ही पहिल्यांदा मी टाळलेली, म्हटलं गरमच खायचंय तर धुवायचं कशाला, तर दहा मिनिटांत सगळा गोळा झाला, चिकट, गिळवेना, ते दुसरं पॅकेट वाया गेलं. धुतल्यावर प्रत्येक काडी सुटी होते आणि बोटाला जरा खरखरीत लागते, त्यावरनं ओळखायचं झालं म्हणून. एप्रिल-मेमध्ये आमच्या नळालाच कोमट पाणी येतं, तेव्हा माठातलं पाणी घेतो. निथळायला बुरुडाकडनं आणलेली वेळूची रोवळी वापरतो, चाळणीपेक्षा मस्त पाणी निथळतं, आणि तिकडं गार सोबा ज्या वेळूच्या टोपलीवर वाढतात त्या टोपलीला 'झारू' म्हणतात, त्यावरनंच झारू सोबा. म्हणजे आजीच्या काळापासनं घरात टांगलेली वस्तू बरोबर कामाला आली.

आणि ते शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. त्याला सोबायु म्हणतात, जेवण झाल्यावर उरलेल्या सॉसमध्ये ते गरम पाणी घालून पितात. आई त्याला पेजच म्हणते, चिमूटभर जिरं घालून पिते, थंडीत विशेषतः.

आता खायचं कसं. उन्हाळ्यात आमच्यात गारच असतंय. खरा जपानी सॉस म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकात घालायची तांदळाची गोड दारू) आणि दाशी, दाशी हे कोंबु नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरी दिलेला मासा यांचं पाणी. हे सगळं इथं मंगळवारी रात्री कुठनं आणणार. मी काय करतो, नीट आंबवून केलेला सोया सॉस दोन चमचे (चायनीजच्या गाड्यावरचा काळा दाट नको, तो सगळं मारून टाकतो), सुपारीएवढा गूळ कोमट पाण्यात विरघळवून, अर्ध्या लिंबाचा रस, तीन चमचे दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीचा खर्डा ज्याला झेपेल तेवढा. तिकडं वासाबी नावाचं झणझणीत हिरवं वाटण लावतात, झणका नाकात जातो, आमचा खर्डा जिभेवर बसतो, दोन्हीचं काम एकच, मधेच तोंड जागं करायचं. वर पातीचा कांदा, काकडी, एकेक उकडलेलं अंडं. पाणी ठेवल्यापासनं ताटात यायला २० मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलंय.

पण मला सगळ्यात आवडतं ते पांढऱ्या रस्स्यातलं. रविवारी मटण झालं की वाटी-दोन वाट्या पांढरा मुद्दाम काढून फ्रीजला ठेवतो, सोमवार पाळतो आम्ही, म्हणून मंगळवारी रात्री. रस्सा मंद आचेवर फक्त वाफ येईपर्यंत गरम करायचा, उकळी फुटू द्यायची नाही, नारळाचं दूध फाटतं. धुतलेल्या सोबा उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून वाडग्यात काढायच्या आणि वरनं रस्सा ओतायचा, नूडल्स रस्स्याच्या पातेल्यात घालायच्या नाहीत. तीळ-खसखशीचा तो मऊपणा आणि सोबाचा भाजका वास, हे दोन्ही एकमेकांना धरून राहतात. लेकीनं पहिला घास ओढला तेव्हा भुरक्याचा आवाज झाला आणि तिनं दचकून आजीकडं बघितलं, मी म्हटलं ओढ गं, जपानात सोबा आवाज करूनच खातात, वाईट मानत नाहीत, आणि आपल्यात तरी पांढऱ्याची वाटी कोण गप्प पितंय.

तांबड्यात मात्र करू नका. दोनदा केलं, चव वाईट नव्हती पण कांदा-लसूण चटणीपुढं सोबा आहेत का साध्या शेवया आहेत कळतच नाही, मग साडेतीनशे रुपये कशाला घालायचे, तांबड्याला भाकरीच. तसंच हक्का नूडल्ससारखं कढईत परतू नका, तुटतात आणि चिकटतात. याकिसोबा नाव ऐकून मी फसलेलो, नावात सोबा आहे पण त्या परतलेल्या नूडल्स गव्हाच्या असतात. रस्सा नसेल त्या दिवशी मूठभर सुकट कोरडी भाजून दहा मिनिटं पाण्यात उकळून गाळून घेतो, त्यात सोया सॉस आणि आलं, पालकाची चार पानं. दाशी नाही ती, पण पाण्याला बूड येतं.

दोन गोष्टी सावधपणाच्या. बकव्हीटची ॲलर्जी काही जणांना असते आणि ती जोरात येऊ शकते, जपानात तर लेबलवर सोबा आहे हे लिहिणं सक्तीचं आहे, म्हणून पोरांना पहिल्यांदा देताना थोडंसंच द्या. आणि आपल्या पावसात उघडं पॅकेट कट्ट्यावर ठेवू नका. जुलैत माझी एक जुडी तशीच राहिली, आठ दिवसांत कुबट वास, टाकून दिली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि एका वेळी एकच पॅकेट आणतो.

महाग आहे का? आहे. तीन जुड्या आम्हा चौघांना अंडी-भाजीसोबत एका वेळेला होतात, म्हणजे माणशी नव्वद रुपयांच्या आसपास नुसत्या नूडल्सचे, रोज परवडणारं हे नव्हे. पण आठवड्यातनं एकदा, ज्या दिवशी नाहीतर चौघांचं पार्सल आलं असतं त्या दिवशी, मला ते पटतंय, आणि रात्री पोट जड होत नाही हे आई स्वतःहून सांगते. ३१ डिसेंबरला तर मुद्दाम केल्या, तिकडं वर्षाच्या शेवटच्या रात्री सोबा खायची रीत आहे, लांब काडी म्हणजे लांब आयुष्य, आणि पटकन तुटते म्हणून सरत्या वर्षाचा त्रासही तिथंच तुटू दे. आईनं त्या दिवशी एक वाटी देवापुढं ठेवली.

बायकोच्या वाटणीचं मी आधी शिजवत नाही, ठेवलेल्या सोबा तासाभरात फुगतात आणि चव जाते. तिचा वाटा कोरडाच बाजूला काढून ठेवतो, झाकलेलं पातेलं गॅसवर तयार, आणि साडेदहाला खाली गाडी लावल्याचा आवाज आला की गॅस पेटवतो, ती हातपाय धुऊन येईपर्यंत होतंय.