आधी गालिचा भिजवतात, मग भाव सांगतात

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी आवराआवर सुरू झाली की सोफा-कार्पेट धुऊन देणाऱ्यांची पत्रकं सोसायटीच्या गेटवर येऊन पडतात. गेल्या दिवाळीआधी इंदिरानगरला आमच्या घरी असेच दोघे आले. 1,170 रुपयांचं काम ठरवून 5,800 रुपये घेऊन गेले, आणि सासऱ्यांनी हौसेनं आणलेला उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा लोकरी गालिचा खराब करून गेले. पैशापेक्षा गालिच्याचं दुःख जास्त आहे. ही मंडळी अजून नाशकात फिरत असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे दोन गालिचे. हॉलमधला लोकरीचा, सहा बाय नऊ फूट. मुलांच्या खोलीतला साधा मशीनचा, चार बाय सहा. धुण्याची मशीन विकत घ्यायचा विचार आधी केला. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी फ्लॅटमध्ये जागा अडवायची, हे पटेना. भाड्यानं मशीन देणारा एकजण डिपॉझिट आणि मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायचं म्हणाला. आधार कार्ड कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही, म्हणून तेही सोडलं. राहिला माणूस बोलवायचा पर्याय. फोनवर चौरस फुटाला 15 रुपये ठरले. ‘सगळं धरून ना?’ असं मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ‘हो मॅडम, सगळं धरून’ असं उत्तर आलं.

मी सातपूरला कामावर होते, घरी सासूबाई होत्या. आल्याआल्या त्या दोघांनी भाव-बिव काही न बोलता लोकरीच्या गालिच्यावर फेसाचं पाणी ओतलं आणि ब्रश फिरवला. गालिचा चिंब झाल्यावर मशीननं थोडं पाणी ओढून घेतलं आणि पारदर्शक टाकी आईंच्या डोळ्यांसमोर धरली. पाणी कोळशासारखं काळं. “मावशी, हे बघा. यावर तुमची नातवंडं लोळतात. यात किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. दमा होतो यानं.” आईंचा जीव धसकला. धाकट्याला थंडीत खोकला होतोच, त्यांना लगेच तेच आठवलं. मग भाव निघाले. 15 रुपये म्हणे नुसती धूळ ओढायचे. शाम्पूचे फुटामागे 35 वेगळे, जंतुनाशकाचे 20 वेगळे, आणि चार डागांचे प्रत्येकी 150. “नको असेल तर असाच ठेवतो, पण ओला राहिला तर कुजेल.” आता ओलाचिंब गालिचा समोर पडलेला असताना घरातली एकटी बाई काय म्हणणार? हिशेब 6,060 झाला. “तुम्ही आईसारख्या, 5,800 द्या,” म्हणून उपकार केल्यासारखे पैसे घेतले.

माझा राग आहे तो त्या काळ्या पाण्यावर. कुठल्याही वापरातल्या गालिच्यावर पाणी मारून ओढलं तर ते काळंच निघतं. लोकर तर धूळ पोटात धरून ठेवते, तो तिचा गुणच आहे. आठवडाभरानं मैत्रिणीचा ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम आणून मी मुलांच्या खोलीतल्या, त्यांनीच ‘धुतलेल्या’ गालिच्यावर साधं पाणी मारून फिरवला. टाकीत पुन्हा गढूळ पाणी आलं, वर बोटभर फेस. म्हणजे शाम्पू आतच ठेवून गेले होते. तो वाळला की चिकट होतो आणि त्यावर जास्तच धूळ बसते. शिवाय काळ्या पाण्यावरून ना किडे कळतात ना दमा. ते पाणी फक्त घाबरवायला असतं.

लोकरीचा गालिचा दोन दिवस ओला राहिला. पंखे लावले, उलटा करून पाटावर टेकवला, तरी कुबट वास गेला नाही. वाळला तेव्हा लाल वेलीचा रंग सायीच्या रंगाच्या काठात उतरला होता आणि लोकरीच्या टोकांवर तपकिरी पट्टे आले होते. अशा गालिच्याचे आतले ताणे, म्हणजे उभे धागे, बहुधा सुती असतात. ते भिजून हळूहळू वाळले की सुतातला तपकिरीपणा वर येतो. ज्याला काम येतं तो आधी पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर दाबून धरतो, रंग फडक्याला लागतो का बघतो, आणि लागला तर पाणी मारत नाही. लोकरीला कडक क्षाराचा साबण आणि ब्लीच चालत नाही, ब्लीचनं तर लोकर खाल्ली जाते. पाठीमागचा एक धागा काढून काडीनं जाळला की केस जळल्याचा वास आला तर लोकर, प्लास्टिकसारखा वितळून गोळा झाला तर कृत्रिम. हे दोन मिनिटांचं काम त्यांनी केलंच नाही.

फोन केला तर आधी ‘वाळला की रंग बसेल’, मग ‘साहेब गावाला गेलेत’, मग नंबर ब्लॉक. बिल काढून बघितलं तर छापील नाव होतं, पण पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. यूपीआयचे पैसे तिसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, पण पुढे न्यायचं तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि आमचं गाडं तिथेच अडलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. म्हणूनच ही मंडळी पत्ता देत नसावीत.

आता आमचं असं ठरलंय. लोकरीच्या गालिच्याला घरात कुणी पाणी लावायचं नाही. आठवड्याला दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, पावसाळ्याची ओल गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात पाठ वर करून थोडा वेळ. धुवायचाच झाला तर गालिच्यांचंच काम करणाऱ्याच्या दुकानात स्वतः न्यायचा, फोटो काढून आणि माप लिहिलेली पावती घेऊन. मुलांच्या खोलीतल्यासाठी ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम विकत घेतला. लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असलेल्या घराला तो परवडतो, कारण सांडलेलं तिथल्या तिथे ओढता येतं. भाड्याची मशीन मला अजूनही पटत नाही. घ्यायचीच झाली तर चालू करून, नळी आणि टाकी बघून, व्हिडिओ काढून घ्या, आणि आधार कार्डाची झेरॉक्सच द्या.

माणूस बोलवणार असाल तर एकूण रकमेचा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागा, मापासकट. घरात वडीलधारं माणूस एकटं असेल त्या वेळी बोलवू नका. आणि ज्यांच्याकडे आधीच असं झालंय त्यांनी बिल, यूपीआयची नोंद आणि गालिच्याचे फोटो आजच जपून ठेवा, आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.