एआय वर्गात आणल्यावर : यवतमाळ जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या कॉलेजातला वर्षभराचा अनुभव

जूनपासून मार्चपर्यंत, म्हणजे दोन्ही सत्रं, मी बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या वर्गात एआय चॅटबॉट वापरला. फुकट आवृत्ती, मोबाइलवर, मराठीतून. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न. पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.नं येतात, बहुतेकांच्या घरी कापूस, तूर, सोयाबीन. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे साधन मी पुढच्या वर्षीही वापरणार आहे, पण गुण देण्याच्या कामात, पोरांवर आरोप करण्याच्या कामात आणि गावातल्या लोकांनी आमच्यापाशी बोललेल्या गोष्टींत त्याला शिरू देणार नाही.

सुरुवात माझ्यापासून केली. पहिल्याच तासाला सांगितलं की नोट्स आणि सरावाचे प्रश्न तयार करताना मी एआयची मदत घेतो, आणि जिथं घेतली तिथं पानाखाली तसं लिहीन. वर्षभर लिहिलं. मास्तरानं गुपचूप वापरायचं आणि पोरांनी वापरलं की त्याला कॉपी म्हणायचं, हे मला पटत नाही. दिवाळीनंतर असाइनमेंटच्या शेवटी ‘ही व्याख्या एआयकडून समजून घेतली, उदाहरण माझं’ अशा ओळी मी न मागताच यायला लागल्या.

फायदा खरा आहे. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे शिकवताना आठवडी बाजारातली वांगी आणि तूरडाळ यांवर हवे तेवढे प्रश्न मिनिटात तयार होतात. ते तपासावे लागतात, तरी बराच वेळ वाचतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुली रात्री घरून प्रश्न विचारायला लागल्या. बोलून टाइप करता येतं, वऱ्हाडीतलं बोलणंही त्याला बऱ्यापैकी कळतं. एकीनं मला सांगितलं, “सर, याले धा वेळा विचारलं तरी हे चिडत नाही.” त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. आम्हा शिकवणाऱ्यांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

पण वर्गाला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच्या चुकांनी. हमीभावाचा धडा चालू होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव विचारला, तर क्विंटलला ७,५२१ रुपये असं ठाम उत्तर आलं. तो २०२४-२५ चा भाव. २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये जाहीर झाले होते. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “सर, सीसीआयचा भाव तं आठ हजाराच्या वर हाय, आमच्या घरी रोज तेच बोलनं चालू हाय.” सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ. मग पुस्तक बाजूला ठेवलं. हे यंत्र एका तारखेपर्यंतच्या मजकुरावर शिकतं, पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त याचा अंदाज बांधत वाक्य जुळवतं, आणि शोध घ्यायला लावला नाही तर आजचा भाव बघायला कुठं जात नाही, हे त्या दिवशी पोरांना जितकं समजलं तितकं व्याख्यानानं समजलं नसतं. पुढचा प्रश्न पोरांनीच काढला: जाहीर झालेला भाव हातात पडतो का? ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, बाराच्या वर गेला की सीसीआयच्या केंद्रावर कापूस घेतच नाहीत, मग घरी आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत द्यावा लागतो. यातलं एक अक्षर यंत्राच्या उत्तरात नव्हतं. वर्गातल्या अर्ध्या पोरांना ते घरून ठाऊक होतं.

प्रादेशिक असमतोलाच्या घटकावर त्याहून वेगळा धडा मिळाला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालची सत्यशोधन समिती १९८३ साली नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. विदर्भाच्या अनुशेषाची, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या वाट्याची, सगळी चर्चा तिथून सुरू होते. पोरांनी यंत्राला या विषयावरची पुस्तकं विचारली. लेखक, प्रकाशक, वर्ष अशी नीटनेटकी यादी आली, आणि त्यातलं एक पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात, कुठल्याच सूचीत सापडेना. ते पुस्तक नव्हतंच. ग्रंथपालांनी पोरांसोबत बसून तो शोध घेतला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तेव्हापासून प्रत्येक असाइनमेंटला एक ‘तपासणीचं पान’ जोडायचं ठरलं. काय विचारलं, काय उत्तर आलं, ते कुठं ताडून पाहिलं, काय चुकीचं निघालं. गुण उत्तरापेक्षा या पानाला जास्त. घरच्या माणसाला विचारलं, हाही पुरावा चालतो, फक्त कोणाला आणि काय विचारलं ते लिहायचं. मला विचाराल तर वर्षभरातलं सगळ्यात मोलाचं काम या पानांवर झालं आहे.

आता डिटेक्टरबद्दल, म्हणजे मजकूर एआयनं लिहिला की माणसानं हे ओळखून देतो म्हणणाऱ्या साधनांबद्दल, कारण सहकारी पहिला प्रश्न तोच विचारतात. वर्गात माझ्या डोळ्यांसमोर हातानं लिहिलेला निबंध टाइप करून अशा एका साधनात टाकला, तर तो एआयनं लिहिलेला निघाला. हे आमच्यापुरतंच नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सात डिटेक्टरांतून घातले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले होते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. माझ्या वर्गात कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारा मुलगा आहे. घरची भाषा कोलामी. मराठी तो पुस्तकाच्या वळणानं, जपून, छोट्या वाक्यांत लिहितो. अशा बेतशीर भाषेवरच या साधनांचा संशय जातो. कॉलेजपर्यंत पोहोचायला ज्याला सगळ्यात जास्त चालावं लागलं, त्यालाच चोर ठरवणारं यंत्र मी वापरणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांतली दहा टक्के साम्याची मर्यादा इथं कामाची नाही. ती उचललेला मजकूर मोजते, आणि एआयचा मजकूर बहुधा कुठून जसाच्या तसा उचललेला नसतो. शंका आली तर मी मुलाला समोर बसवून त्यानं लिहिलेल्यावर पाच मिनिटं बोलतो. तेवढ्यात कळतं.

गुण देण्याचं काम यंत्राला देऊन पाहिलं, पण पोरांच्या उत्तरपत्रिकांवर नाही, मी स्वतः लिहिलेल्या नमुना उत्तरांवर. तेच उत्तर पुन्हा दिलं की गुण बदलायचे. एका उत्तरात मजुरीचं उदाहरण म्हणून कापूस वेचणीचा किलोमागचा दर आणि सकाळी दवामुळे जड लागणारा कापूस लिहिला होता. ते ‘विषयाला सोडून’ म्हणून त्याचे गुण कापले गेले. माझ्या वर्गात त्या उदाहरणाला पूर्ण गुण आहेत. पोरांची नावं, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरचा सातबारा, आधारचा फोटो यांतलं काहीही चॅटमध्ये टाकायचं नाही, हा नियम फळ्यावर लिहून ठेवला आहे. पहिल्या वर्षाला येणारी काही पोरं अठराच्या आतली असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं ती बालकंच आहेत.

सगळ्यात कठीण प्रसंग क्षेत्र प्रकल्पात, म्हणजे गावात जाऊन करायच्या अभ्यासात, आला. विषय होता शेतकरी कुटुंबांचं कर्ज. काही घरं अशी, जिथं कर्त्या माणसानं आत्महत्या केलेली. पोरांनी मुलाखती घेतल्या आणि एका गटानं विचारलं की रेकॉर्डिंग एआयला देऊन सारांश काढू का. मी नाही म्हटलं. त्या घरांतल्या बाया आमच्या पोरींपाशी बोलल्या, त्यांना चहा पाजून बोलल्या. आपले शब्द कुठल्या कंपनीच्या संगणकावर गेले तर चालेल का, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती असते. नाव काढून टाकलं तरी भागत नाही. दोन एकर कोरडवाहू, दोन पोरी, सासू अंथरुणाला, एवढं वाचलं की पंचक्रोशीत कोणीही घर दाखवील. म्हणून सगळं हातानं लिहून घेतलं आणि वर्गात बसून मथळे पाडले. वेळ फार गेला, पण त्या बैठकांत पोरं जे बोलली ते मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

मुलाखतीच्या आधी मात्र एआयचा उत्तम उपयोग झाला. प्रश्नावली दाखवून ‘यातला कोणता प्रश्न दुखावणारा आहे?’ असं विचारलं, तर ‘कर्ज किती होतं?’ हा प्रश्न पहिलाच नको, असं त्यानं सुचवलं. पोरांनी क्रम बदलला. तो बदल बरोबर होता.

दुसऱ्या एका गटाच्या भरलेल्या प्रश्नावल्या मात्र वाचताना खटकल्या. प्रत्येक घराचं कर्ज गोल आकड्यात, कारणं तीच, वाक्यंही जवळजवळ तीच, आणि एकाही शेतकऱ्याच्या तोंडी रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर नाही. आमच्या भागात कोणाशी वावराबद्दल थोडा वेळ बोला, रोह्यांनी खाल्लेल्या पिकाचा विषय निघतोच. बोलावून विचारलं, तर पोरांनी सरळ सांगितलं की गावात गेलोच नाही, एआयकडून भरून घेतलं. शिक्षा केली नाही. पुन्हा गावात पाठवलं आणि गुण नव्या प्रश्नावल्यांवर दिले. या प्रकाराची मला कॉपीपेक्षा जास्त काळजी वाटते, कारण खोट्या मुलाखतीत खऱ्या माणसाचं दुःख कोणीतरी परस्पर रचलेलं असतं.

अडचण राहिली ती फोनची. कित्येक घरांत एकच मोबाइल, तो दिवसभर वडिलांसोबत वावरात. रेंज गावागावाप्रमाणे. म्हणून एआय वापरणं मी कोणत्याही कामात सक्तीचं केलं नाही, आणि न वापरणाऱ्याचे गुण त्यामुळे कमी होणार नाहीत याची काळजी घेतली. नोव्हेंबर २०२५ पासून भारतात चॅटजीपीटीची ‘गो’ नावाची वर्गणी वर्षभर फुकट मिळू लागली आणि ज्यांच्या हाती स्वतःचा फोन होता ती पोरं पुढं गेली, बाकीची मागं राहिली. फुकटाचं वर्ष संपल्यावर काय, हा प्रश्न आहेच.

जूनपासून ग्रंथालयातले संगणक दुपारच्या एस.टी.च्या आधी या कामासाठी राखून ठेवायला प्राचार्यांनी होकार दिला आहे. विभागाची एक पानी नियमावलीही मराठीत लिहायची आहे, घरच्यांना वाचता येईल अशी. तिचा मसुदा मी एकटा करणार नाही. यंदाची तपासणीची पानं समोर ठेवून पोरांसोबत बसणार आहे, आणि खोट्या प्रश्नावल्या भरणारा तो गटही त्यात असेल.