सात रस्त्याजवळचा फ्रेंच क्लास: तीन महिने, एकच क्रियापद

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. फ्रेंचशी माझा संबंध एवढाच, की नववीतल्या पोरीनं शाळेत फ्रेंच घेतलं आणि घरात तिला सांगणारं कुणी नव्हतं. मग सात रस्त्याजवळ एक निवृत्त बाई घरी क्लास घेतात, तिथं मीच नाव घातलं. शनिवार-रविवार संध्याकाळी दीड तास, तीन महिन्यांचे साडेचार हजार. आम्ही सहाजण, गच्चीवर पत्र्याची खोली.

बाई नियमित क्रियापद एकच घेतात आणि तेच सगळ्या काळांतून फिरवतात. पुस्तकांत बहुधा 'पार्ले' असतं, म्हणजे बोलणे. यांनी सोलापूर बघून 'तिसे' घेतलं, म्हणजे विणणे. शेवटचं 'ई-आर' काढलं की उरतो तो ताणा (उभे धागे), त्यात कर्त्याप्रमाणे बाणा (आडवे धागे) भरायचा. माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते, त्यामुळे पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं. पण वर्तमानकाळ त्याच तासाला बसला. मी, तू, तो आणि ते, चौघांचाही उच्चार नुसता 'तिस'. कागदावर मात्र 'तू'ला शेवटी एस चिकटतो आणि 'ते'ला एन-टी, दोन्ही मुके. कानाला वेगळे फक्त आम्ही 'तिसों' आणि तुम्ही 'तिसे'. विणतो-विणतेची भानगडच नाही. आदराचं 'तुम्ही' मात्र आपल्यासारखंच, एकालाही आणि दहांनाही.

भविष्यकाळ आला तेव्हा मीच म्हटलं, "बाई, इथं तर बीमच बदलला!" बीम म्हणजे मागावर ताणा गुंडाळलेला रूळ. कारण इथं 'ई-आर' काढत नाहीत, अख्ख्या क्रियापदाला शेपूट लावतात: तिसरे, तिसरा, तिसरा, तिसरों, तिसरे, तिसरों. ही शेपटं पाठ करायची गरज नाही. 'जवळ असणे' या क्रियापदाचा वर्तमानकाळ ए, आ, आ, आव्हों, आव्हे, ओं असा आहे. आव्हों-आव्हेतलं 'आव्ह' गाळलं की हीच शेपटं. याच बीमावर 'विणायचे'वाल्या, म्हणजे सवयीच्या भूतकाळाची शेपटं चढवली की संकेतार्थ, म्हणजे जर-तरचं रूप तयार. या एका तासात माझे निम्मे पैसे वसूल झाले.

वर्गात भूतकाळ दोन झाले. वडील रात्रपाळीला टॉवेल विणायचे, हा एक. काल त्यांनी चादर विणली, हा दुसरा, आणि त्यात 'जवळ असणे'चं रूप आधी लावून नंतर 'तिसे' येतं. आमच्या घरी तेलुगू. तेलुगूत क्रियापद विणणाऱ्याप्रमाणे बदलतं, म्हणून 'वडिलांनी चादर विणली' यातली 'ली' चादरीची, हे मला लहानपणी शाळेत मार खाऊन कळलं होतं. फ्रेंचमध्ये चादर क्रियापदाच्या आधी आली, म्हणजे 'मी विणलेली चादर' असं म्हटलं, की 'तिसे'ला शेवटी एक जास्तीचा ई लागतो, स्त्रीलिंगी म्हणून. तोही मुका. वर्गात बाकीचे डोकं खाजवत बसले होते आणि मला ते एका दमात कळलं. शाळेतल्या त्या माराचा इतक्या वर्षांनी उपयोग झाला म्हणायचा.

आता तक्रारी. मूळ क्रियापद, 'तुम्ही'चं रूप आणि भूतकाळातलं रूप, तिन्हीचा उच्चार 'तिसे' आणि स्पेलिंग तीन. शुद्धलेखनात याच्यावरच सगळे आपटतात. तरी तीन महिन्यांत शुद्धलेखन झालं दोनदा. ऐकायला रेकॉर्डिंग एकही नाही, जे काही कानावर पडतं ते बाईंच्या तोंडून. अपवाद तर शेवटच्या रविवारी चहा पिता पिता उरकले. 'मांझे' म्हणजे खाणे. त्यात 'आम्ही'ला मधे एक ई टिकवावा लागतो, नाहीतर झ चा ग होतो. आणि 'आले' म्हणजे जाणे. याच्याही शेवटी 'ई-आर' आहे, पण ते नियमित नाहीच. पोरीनं ते आधीच 'तिसे'सारखं चालवून चाचणीत दोन मार्क घालवले होते. हे पहिल्या आठवड्यात सांगायला काय हरकत होती?

झेरॉक्सचे पैसे वेगळे, ते आधी सांगत नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गर्दीमुळे दोन तास बुडाले, ते भरून दिले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, यात्रेत कोण येतंय शिकायला?" मी आले असते.

फ्रेंच बोलायला शिकायचं असेल तर इथं जाऊ नका. पोराला व्याकरणाच्या पेपरात क्रियापदं चालवता येत नसतील तर डोळे झाकून पाठवा. पाचपैकी साडेतीन. उन्हाळ्याची बॅच घेणार असाल तर पाण्याची बाटली न्या आणि पंख्याखालची जागा धरायला दहा मिनिटं आधी पोचा, पंखा एकच आहे.